एक्साइजची नोकरी नेमकी कशी असते? भट्टी फुटते आणि आठ दिवसांत पुन्हा पेटते, मग हे लोक करतात काय? (भाच्यासाठी विचारतोय)

तापीकाठ
नमस्कार मंडळी. माझ्या भाच्याची राज्य उत्पादन शुल्क विभागात जवान म्हणून निवड झाली आहे. वनरक्षकाच्या यादीतही त्याचं नाव आहे, म्हणजे दोन्हीतलं एक धरायचं. घरात दोन तट पडलेत. मेव्हण्यांच्या मते एक्साइज मलईचं खातं. बहीण म्हणते दारुड्यांमागे पळायची नोकरी नको, पोराला लग्नाला मुलगी मिळायची नाही. (हे तिचं मत, मला मारू नका.)

माझी शंका वेगळी आहे. आमचं गाव चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. गावाच्या नाल्यावर अधूनमधून छापा पडतो. दुसऱ्या दिवशी पेपरात 'गावठी दारूचे अड्डे उद्ध्वस्त, कच्चे रसायन नष्ट' अशी बातमी, सोबत चार जण ड्रम आडवा करतानाचा फोटो. आठवडा जात नाही तोच त्याच नाल्यात धूर. पकडलं कोणाला, तर कोणालाच नाही. पोरगं तीस वर्षं हेच करणार असेल तर काय अर्थ आहे? खात्यात काम केलेलं किंवा जवळून पाहिलेलं कोणी असेल तर लिहा. ऐकीव नको.

शेवभाजी
दोन नोकऱ्यांत फरक काय? वनरक्षकाला जंगल राखायचा पगार. एक्साइजवाल्याला त्याच जंगलात रात्रभर डास मारायचा पगार.

पुण्यातला_जळगावकर
सरळ बोलतो, राग मानू नका. सगळा हप्त्याचा खेळ आहे. ज्याचा हप्ता थकला त्याची भट्टी फुटते. छापा म्हणजे वसुलीची आठवण. वर हेच खातं परवाने वाटतं, दारूवरचा महसूल गोळा करतं आणि दारूबंदीचा कायदाही हेच राबवतं. एका हाताने विकायचं आणि दुसऱ्या हाताने पकडायचं!

लाखेचा_शिक्का
याच खात्यातून दुय्यम निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. जिल्हा लिहीत नाही, पण तापीच्या दोन्ही काठांवर नोकरी झाली आहे. तापीकाठ, तुम्ही ऐकीव नको म्हणालात म्हणून सविस्तर लिहितो.

जळगावकर, हप्ता नसतोच असं मी म्हटलं तर इथलं शेंबडं पोरही हसेल. पण नुसत्या हप्त्याने उत्तर मिळत नाही. भट्टीला भांडवल किती लागतं ते बघा. पत्र्याचे जुने ड्रम, जर्मनची मोठी हंडी, एक नळी, काळा गूळ, नवसागर, आणि पाणी नाल्याचं. आम्ही जे फोडतो ते दोन-चार खेपांत वसूल होतं. मग तो पुन्हा का नाही लावणार?

आता कोणीच का सापडत नाही. आमच्याकडे गुन्ह्यांची नोंद दोन प्रकारची, वारस आणि बेवारस. मालासोबत माणूस सापडला तर वारस, नुसता माल सापडला तर बेवारस. नाल्यातल्या भट्ट्या बहुतेक बेवारस जातात, कारण जागाच तशी निवडलेली असते. येणारी वाट एकच, आणि गाडीचे दिवे लांबून दिसतात. पूर्वी झाडावर गुराख्याचं पोर बसवायचे, आता मोबाइल. आमची गाडी हापिसाच्या फाटकाबाहेर पडली की समोरच्या टपरीवरून निरोप गेलेला असे. म्हणून भाड्याची जीप घ्यायची, ती दोन गावं अलीकडे सोडायची आणि पाटाच्या कडेने अंधारात चालत जायचं.

आधी वास येतो, आंबूस-गोड. ड्रम जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले असतात, वर पऱ्हाट्या आणि बोरीच्या काट्या. रसायन (म्हणजे आंबायला घातलेलं गुळाचं पाणी) तयार होत आलं की वर फेस धरतो, कान जवळ नेला तर आत चुळबुळ ऐकू येते. पाय जपून टाकावा लागतो. आमचा एक नवा जवान कमरेपर्यंत आत गेला होता. बायकोने त्याला चार दिवस ओसरीवर झोपवलं.

पेपरातल्या फोटोत ओतून देताना दिसतं ते सगळ्यात शेवटचं काम. खरं काम त्याआधीचं. पहाटे चार वाजता नाल्यात दोन पंच आणायचे कुठून? गावातला माणूस येत नाही, त्याला तिथेच राहायचं असतं. मग ठरावीक चेहरे पंच म्हणून येतात आणि कोर्टात तेच अंगाशी येतं. ड्रममधून नमुना काढून १८० मिलीच्या बाटलीत भरायचा, बूच लावायचं, कापड, दोरा, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, त्यावर लाख. नदीकाठी वारा असतो, मेणबत्ती टिकत नाही. एक जण टोपी आडवी धरणार, दुसरा लाख वितळवणार, तिसरा बोट भाजून घेणार. शिक्का अर्धवट उमटला तर दोन-तीन वर्षांनी वकीलसाहेब तिथेच बोट ठेवतात. मग बाटली नाशिकच्या प्रयोगशाळेत. अहवाल यायला किती दिवस लागतात ते इथे लिहीत नाही, पेन्शन चालू आहे.

वकीलभाऊ
शिक्कासाहेब, बोट ठेवणारा तो वकील मीही असू शकतो :) फौजदारी कामं करतो, तालुक्याच्या कोर्टात.

मूळ कायदा १९४९ चा, मुंबई दारूबंदी अधिनियम. आता त्याला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. भट्टी, रसायन, साठा, विक्री हे सगळं कलम ६५ च्या पोटकलमांत येतं. केसेस सुटतात त्या बहुधा दोन ठिकाणी. पंच फिरतात, 'सही माझी आहे, पण कोऱ्या कागदावर घेतली' हे वाक्य आमच्या कोर्टाच्या भिंतींनाही पाठ झालं असेल. दुसरं म्हणजे नमुना. सील कोणी लावलं, बाटली कोणाच्या ताब्यात होती, कधी पाठवली, यात एक दिवस जरी सांगता आला नाही तरी आरोपीला फायदा.

नेहमीच्या माणसांसाठी कलम ९३ खाली चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेतात. त्याहून मोठं हत्यार १९८१ चा एमपीडीए, म्हणजे स्थानबद्धतेचा कायदा. त्यात हातभट्टीवाल्याला वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येतं. पण ते प्रस्ताव कागदांवर तगावे लागतात, हायकोर्टात बरेच उडतात.

अजून एक. रात्री भट्टीवर बाई का बसलेली असते याचा विचार केलाय? सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण लागतं, महिला अधिकारी लागते आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी. कायदा बाईच्या संरक्षणासाठी केला. भट्टीवाल्यांनी तो आमच्याआधी वाचला.

शेवभाजी
वकीलभाऊ, फीसुद्धा १८० मिलीत घेता का?

वकीलभाऊ
लाख लावून घेतो.

माहेरवाशीण
इथे सगळे भाऊ भट्टीच्या गमती सांगताहेत, म्हणून मी घरातलं सांगते. माझं माहेर पारोळ्याकडचं. गावात परवान्याचं देशी दारूचं दुकान होतं. बायकांनी सह्या गोळा केल्या, आडवी बाटलीसाठी, म्हणजे दुकान बंद करायला, मतदान घेतलं. त्यात झालेल्या मतांपैकी निम्मी नाही, तर गावातल्या एकूण बाई मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हाताऱ्या सासवांना बैलगाडीत घालून आणलं. दुकान बंद झालं, गुलाल उधळला, फोटो आला.

त्यानंतर नदीकडच्या गल्लीत दारू भरलेले प्लास्टिकचे फुगे विकायला लागले. देशीपेक्षा स्वस्त. दुकान रात्री बंद तरी व्हायचं, हे चोवीस तास. आम्ही फोन करायचो, गाडी यायची, दोन कॅन उचलून न्यायची. फोन कोणी केला ते दुसऱ्या दिवशी गल्लीला माहीत! तेव्हा तापीकाठ, तुमच्या भाच्याला एक सांगा. फोन करणाऱ्या बाईचं नाव त्याच्या तोंडून बाहेर पडायला नको. एवढं जरी केलं तरी खूप झालं.

आणि विकणारी कोण होती? माझ्याच वर्गातली मैत्रीण. नवरा दारूनेच गेला, दोन लेकरं, शेत नाही. तिच्यावर केस झाली तेव्हा मला आनंद झाला नाही. गूळ पुरवणारा व्यापारी मात्र गणपतीच्या आरतीला पहिल्या रांगेत.

पुण्यातला_जळगावकर
ताई, तुमचा प्रतिसाद वाचून माझंच म्हणणं पक्कं झालं. बंदी घातली की धंदा भूमिगत होतो. चंद्रपूरला २०१५ मध्ये बंदी आणली, २०२१ मध्ये उठवावी लागली. स्वस्त आणि चांगली दारू परवान्यातून द्या, हातभट्टी आपोआप मरेल. उलट २०२५ मध्ये सरकारने विदेशी मद्यावरचं शुल्क वाढवलं. गरीब माणूस कुठे वळणार?

माहेरवाशीण
दादा, दुकान होतं तेव्हाही नवरे मारतच होते. स्वस्त आणि चांगली दारू पिऊन मारलं तर कमी लागतं का?

अभ्यासू_उंदीर
ताई +१.

सरकारी माणसांशिवाय दारू कोणी रोखली याची आपल्याच भागातली दोन उदाहरणं आहेत. तळोद्याकडे गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात भिलांना दारू सोडायला सांगितलं. दर सोमवारी आरतीला हजारोंनी लोक जमत. कुणी छापे घातले नव्हते, तरी पिणं सुटलं. प्रशासनाला उलट त्या गर्दीचीच धास्ती वाटू लागली. १९३८ मध्ये महाराज गेले, पुढे त्यांच्या भावाने काम चालवलं.

दुसरं शहाद्याचं. १९७२ च्या दुष्काळाच्या आसपास अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेची चळवळ जमिनी आणि मजुरीसाठी उभी राहिली. पण शिबिरांत बायका बोलायला लागल्या तेव्हा त्यांनी आधी दारूचा विषय काढला. मग जथ्यांनी जाऊन गुत्त्यांवरची मडकी फोडली. ना पंच, ना लाख.

आणि दारू काढणं गुन्हा झालं ते इंग्रजांच्या तिजोरीसाठी. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा महसुलाचा होता, नीतीचा नव्हता. ठाणे-कुलाब्याकडे तर १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवरच कायदा केला. फूल वेचणारा संशयित!

लाखेचा_शिक्का
उंदीरभाऊ, शहाद्याच्या त्या बायकांच्या गोष्टी आमच्या खात्यातले जुने लोक सांगायचे. एका साहेबांचं म्हणणं, त्या वर्षी आम्हाला गुन्हे सापडेनात, बायका आमच्याआधी पोचायच्या.

धडगावकर
मी शिक्षक आहे, पावरा आदिवासी आहे. इथे सगळे 'गावठी' म्हणून एकाच ड्रममध्ये सगळं ओतताहेत. जरा थांबा.

फाल्गुन-चैत्रात आमच्याकडे पहाटे अख्खं घर मोहाखाली असतं. फुलं टोपल्यांनी येतात, अंगणात वाळतात. भाकरीत जातात, विकायला जातात, थोड्यांची दारू निघते. देवाला, पूर्वजांना पहिले थेंब जमिनीवर सांडल्याशिवाय आमच्यात कोणी ओठाला लावत नाही. इंदलची पूजा असो की होळी, तिच्याशिवाय विधी पुरा होत नाही. गुजरातेत १९६० पासून दारूबंदी, पण सागबारा तालुक्यात देवमोगरा मातेच्या जत्रेत मोहाचीच धार चढते. तिथे कोणाचा पंचनामा करणार?

नाल्यात काळा गूळ आणि नवसागर टाकून शेकडो लिटर काढणारा धंदेवाला वेगळा, आणि घरात मडकं लावणारी आजी वेगळी. कायद्याच्या पुस्तकात दोघं एकाच कलमात. मार्चअखेर जवळ आली, गुन्ह्यांचा आकडा कमी पडला, की जीप कोणाच्या दारात येते? जी पळू शकत नाही तिच्या. माझ्या मामीचं मडकं असंच फुटलं, नातवाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी.

मोहफुलं बाळगण्या-नेण्यावरचे निर्बंध राज्याने २०२१ मध्ये उठवले, पण फुलांपासून दारू काढणं गुन्हाच राहिलं. आमच्या डोंगरापलीकडे अलीराजपूरला मध्य प्रदेश सरकार बचत गटाकडून मोहाची दारू करून घेऊन हेरिटेज म्हणून बाटलीत विकतंय. तेच झाड, तेच फूल, मध्ये एक टेकडी.

पुण्यातला_जळगावकर
हा मुद्दा मान्य. पण सर, पिऊन वाया गेलेली पोरं तुमच्या शाळेतही असतील ना?

धडगावकर
आहेत. ती मोहाने नाही गेली. हायवेवरून मोटरसायकलवर येणाऱ्या बनावट देशीच्या खोक्यांनी गेली. त्या मोटरसायकली पकडा, मी पंच म्हणून उभा राहतो. फिरणार नाही.

सातासमुद्रा
मी मूळचा अमळनेरचा, सध्या नॉर्थ कॅरोलिनात. इथेही डोंगरात हेच नाटक दीडशे-दोनशे वर्षं चाललं. १७९१ मध्ये सरकारने व्हिस्कीवर कर बसवला, पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिमेकडचे शेतकरी वसुलीदारांच्या अंगावर गेले, आणि १७९४ मध्ये स्वतः वॉशिंग्टन फौज घेऊन निघाले. गंमत म्हणजे अध्यक्षपद सोडल्यावर त्याच वॉशिंग्टनने आपल्या शेतावर मोठी डिस्टिलरी काढली.

कर वसूल करणारे आणि भट्ट्या फोडणारे एकच खात्याचे लोक, त्यांना 'रेव्हेन्यूअर' म्हणत. कुऱ्हाडीने भांडी फोडायचे, पुढे सुरुंग लावायचे. माल नेणारी पोरं साध्या मोटारींना जोरदार इंजिनं बसवून रात्री डोंगरातून पळवायची. त्यातलेच काही पुढे नॅसकारच्या शर्यतींत नावाजले. काही महाभाग वाफ थंड करायला मोटारीचा जुना रेडिएटर लावायचे, त्यातलं शिसं दारूत उतरायचं. आजही इथे घरी बिअर-वाइन करायला मुभा आहे, ऊर्ध्वपातनाला नाही.

शेवभाजी
आमच्याकडे शर्यत नाही, पण ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये दारू भरून, ती ट्यूब गळ्यात घालून तापी पोहून येणारे आहेत. ऑलिम्पिकवाल्यांचं लक्ष नाही.

बाकी ते शिसं-बिसं जाऊ द्या, आपली पहिल्या धारेची एकदम शुद्ध. काडी लावली की निळी ज्योत.

डॉ_निशाचर
शेवभाजी, चेष्टेत लिहिलंय हे कळतं, पण ही काडीची परीक्षा लोक खरी मानतात, म्हणून लिहितो. धुळ्यात अतिदक्षता विभागात काम केलं आहे.

मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, तेही पेटतं. त्याची ज्योत तर उजेडात दिसतही नाही. तेव्हा काडीने फार तर दारू कडक आहे की पाणचट ते कळेल, विष आहे की नाही ते कळणार नाही. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, आपली नेहमीची दारू ७८.४ ला, म्हणून पहिल्या धारेत जे काही असेल ते थोडं जास्त येतं. पण गूळ आंबवून मिथेनॉल फारसं होतच नाही. ते होतं फळांच्या पेक्टिनपासून. मोठे हत्याकांड घडतात ते कोणीतरी कारखान्याचं मिथेनॉल आणून मिसळतो तेव्हा. मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभराहून जास्त माणसं गेली, ती अशीच.

लक्षणं लगेच दिसत नाहीत, बारा तास ते दिवसभर रुग्ण ठीक वाटतो. मग पोटदुखी, धाप, आणि डोळ्यांपुढे सगळं पांढरं. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्याच्या नसेवर जातं. 'उतरली नाही अजून, झोपू द्या' म्हणून घरी ठेवलं की संपलं. डायलिसिस वेळेत मिळालं तर वाचतात.

एक्साइजच्या पोरांनी नाल्यातल्या ड्रमइतकंच लक्ष केमिकलच्या टँकरवर ठेवावं, असं मला डॉक्टर म्हणून वाटतं.

वकीलभाऊ
मालवणीचा निकाल २०२४ मध्ये लागला. चौघे दोषी, दहा जण सुटले. नऊ वर्षं.

लाखेचा_शिक्का
डॉक्टर, अगदी बरोबर. नव्या पोरांना हे कळायला हवं की हातभट्टी हा आता कामाचा एक भाग. डोकं लागतं ते बनावट देशीच्या अड्ड्यांना आणि सीमेच्या मालाला. बनावटवाला शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये स्पिरिट, रंग, छापलेली लेबलं आणि बुचं बसवायचं मशीन घेऊन बसतो. तिथे धूर नाही, वास कमी. त्याला पकडायचं तर रिकाम्या बाटल्यांची गाडी कुठे जाते ते भंगारवाल्याकडून काढावं लागतं. आणि मुंबई-आग्रा हायवेवर गुजरातकडे जाणारा ट्रक. वर कांद्याची पोती, खाली बॉक्स. पोती उतरवायला हमाल मिळत नाहीत, ती जवानच उतरवतात.

शेवभाजी
गुजरात निघालंच आहे तर नवापूर स्टेशनाचं काय? अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, मधला बाकसुद्धा वाटून घेतलेला. परवाना खिशात ठेवून या टोकाला बसलेला सज्जन, ढुंगण सरकलं की आरोपी.

तापीकाठ
मंडळी, वाटलं नव्हतं एवढं येईल. काल रात्री भाच्याला सगळं वाचून दाखवलं. तो ट्रकच्या पोत्यांवर थोडा बिचकला, पण बनावट लेबलांवर कान टवकारले. माहेरवाशीणताई, तुमचा निरोप त्याला दोनदा वाचायला लावला. बहीण अजून वनरक्षकावरच अडून आहे.

शिक्कासाहेब, एक सरळ विचारतो. तुमचा मुलगा असता तर कुठे पाठवला असता?

लाखेचा_शिक्का
माझा मुलगा बँकेत आहे आणि सुखी आहे, तेव्हा माझा सल्ला जपून घ्या. वनरक्षकाला एकट्याने बीट फिरावं लागतं, सागाच्या चोरांशी गाठ. इथे निदान चार जण सोबत असतात. बढतीही विभागाच्या परीक्षा दिल्या तर मिळते. पोराचं अक्षर चांगलं आहे का? हसू नका. पंचनामा नीट लिहिणारा जवान साहेबाला हवाहवासा असतो, आणि केसही त्याच्याच लिहिण्यावर टिकते. आणि पहिल्याच महिन्यात कोणीतरी पाकीट पुढे करेल. तेव्हा काय करायचं हे घरून ठरवून जावं, तिथे गेल्यावर ठरत नाही. बाकी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

पुण्यातला_जळगावकर
पाकिटाचं मी पहिल्याच प्रतिसादात म्हणालो होतो. नोंद घ्यावी.

शेवभाजी
घेतली. वारस म्हणून.

धडगावकर
तापीकाठ, नेमणूक आमच्या भागात झाली तर कळवा. खोली बघून देतो, भाडं फार नाही. रेंजसाठी मात्र टेकडीवर चढावं लागतं. पावरी चार शब्द शिकवीन, 'नोटीस' म्हणायच्या आधी 'पाणी देता का' म्हणायला येईल एवढे.